भिंतीवरच्या ताईस

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द लोक पत्रात सवयीने लिहितात. मी मात्र आजवर पोटासाठी अक्षरशः साष्टांग पडत आले आहे, तेव्हा माझ्याकडून आलेला तेवढा खरा धरावा.)

आपल्या मागच्या दाराची पायरी तुला आठवते का? शाळेची घंटा व्हायच्या आधी तू वरच्या पायरीवर बसायचीस, मी खालच्या, आणि तू माझी वेणी घालायचीस. तोंडात रिबीन, हातात ती लाकडी फणी आणि तुझा एक गुडघा माझ्या पाठीत. (तोंडात रिबीन धरूनही तुला 'हलू नकोस' हे स्वच्छ म्हणता यायचं. इतके स्पष्ट उच्चार मी पुढे एकाही नटाचे ऐकले नाहीत.) तू वेणी इतकी घट्ट ओढायचीस, की माझ्या भुवया कपाळावर चढायच्या आणि मधल्या सुट्टीपर्यंत खाली उतरायच्या नाहीत. आपल्या कॉन्व्हेंटमधल्या शू-सिस्टर, प्रत्येक वाक्याआधी ओठांवर बोट ठेवणाऱ्या त्या, मला रोज विचारायच्या, की मुली, तुला सकाळी सकाळी एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय. मला आश्चर्य कशाचंच वाटत नसे, मला दुखत असे. पण सिस्टरांनी असं विचारलं की वर्ग हसायचा, आणि वर्ग हसला की मला दुखायचं थांबायचं. माझ्या कारकिर्दीचा उगम त्या पायरीवर आहे, हे मी एकाही मुलाखतीत सांगितलेलं नाही, कारण मुलाखतीत मला फक्त एवढंच विचारतात की अमुक मोठ्या नटाबरोबर काम करताना कसं वाटलं. (कसं वाटणार? त्यांनी ढकललं, मी पडले.)

तुझा खांदा आता कसा आहे? शेक देतेस ना, की सगळ्यांना द्यायला सांगतेस आणि आपण विसरतेस? भाओजींचा खोकला गेला असेल. तुझी नात शाळेत रमली का? माझी काळजी करू नकोस. गुडघा बरा आहे, झोप लागते, आणि डॉक्टरांनी मला पुन्हा पडायची परवानगी दिली आहे. आता तुला एक बातमी द्यायची आहे आणि एक विनंती करायची आहे. बातमी तशी वाईट नाही, पण ऐकायला वाईट वाटते, आणि विनंती आधी लिहिली तर तू पुढचं वाचणार नाहीस. तेव्हा जरा लांबून येते. तू हे पत्र घेऊन खुर्चीत बस, आणि मुख्य म्हणजे भाओजींना समोर बसव, कारण त्यांचाही यात हात आहे.

माझ्या कामाबद्दल तुला फारसं ठाऊक नाही, आणि त्याचं कारण आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. मी करुण नायिका व्हायला गेले होते. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं, डोळ्यांत मागेल तेव्हा पाणी येत होतं, आणि सिस्टरांनी शिकवलेली पाठ ताठ ठेवून चालायची पद्धत होती. स्टुडिओत परीक्षेच्या दिवशी मी त्या ताठ पाठीने, मान वर करून, कॅमेऱ्याकडे डौलात निघाले, आणि मान वर असल्यामुळे खालची वायर मला दिसली नाही. पडता पडता मी दिग्दर्शकाची खुर्ची धरली, खुर्चीने दिव्याचा खांब धरला, आणि आम्ही तिघं मिळून खाली आलो. दिग्दर्शक खुर्चीतच होते. सगळे जण हसले. कॅमेरा चालूच राहिला होता, आणि उठताना मी केलेला चेहरा (तुझ्या वेणीचा, भुवया कपाळावर) त्यात आला होता. दिग्दर्शक कपडे झटकत म्हणाले, ही मुलगी मला हवी, पण रडायला नको. त्या दिवसापासून मी पडते आहे. मोलकरीण म्हणून पडले, रक्त पाहून चक्कर येणारी नर्स म्हणून पडले, चोराला घाबरणारी पोलीस म्हणून पडले. भूत झाले तेव्हा तरी तरंगत राहीन असं वाटलं होतं, पण ते अंधाराला भिणारं भूत होतं.

तू ते एकदाच पाहिलंस. मी घरमालकिणीची थप्पड खाऊन जिन्यावरून धुण्याच्या बादलीत पडते, तो सिनेमा. मी तुला मुद्दाम चांगल्या जागी बसवलं होतं. सगळं थिएटर हसत होतं आणि मी अंधारात तुझ्या तोंडाकडे बघत होते, की ही आता हसेल, आता हसेल. तू उभी राहिलीस आणि मोठ्याने म्हणालीस, "हसू नका, लागलंय तिला." त्यावर लोक आणखी हसले. तू मला हाताला धरून बाहेर नेलंस, रस्त्यावरच्या दिव्याखाली माझं कोपर उलटसुलट करून पाहिलंस, आणि त्यानंतर माझं एकही काम पाहिलं नाहीस. तू रागावली नाहीस, अबोला धरला नाहीस. फक्त दर रविवारी फोनवर विचारत राहिलीस, "लागलं नाही ना कुठे?" (माझ्या कामावरची सगळी परीक्षणं मी वाचली आहेत, ताई. त्यांतल्या एकाही समीक्षकाने हा प्रश्न विचारला नाही.)

लागलं फारसं कधी नाही, कारण पडणं ही शिकण्याची गोष्ट आहे. आमचा सुतार मोडण्यासाठी वेगळ्या खुर्च्या बनवतो, दिसायला अस्सल आणि आतून बिस्किटासारख्या. एकदा त्याने रंगाच्या घाईत दोन खुर्च्यांची अदलाबदल केली. बाप झालेले थोर नट एका खुर्चीवर बसून मुलीला खानदानाच्या इज्जतीबद्दल सुनावत होते, आणि दुसऱ्या खुर्चीवर बसून मी पडायची वाट पाहत होते. मी जोर करून पाहिला, उड्या मारून पाहिल्या, खुर्ची ढिम्म. तेवढ्यात 'इज्जत' या शब्दावर थोर नट दिसेनासे झाले. मला वाटलं आता माझं काम जाणार. पण लोकांना तोच प्रसंग आवडला, आणि थोर नटांनी पुढे जन्मभर तो विनोद आपणच सुचवला म्हणून सांगितलं. मग सिनेमे कमी झाले, टीव्हीच्या मालिका आल्या, आणि मालिकांत हशा नंतर चिकटवायचा असल्यामुळे प्रत्येक वाक्यामागे थोडं थांबायची सवय लागली. ती घरीही राहिली. दुकानात मी 'अर्धा किलो कांदे द्या' म्हणते आणि थांबते. दुकानदारही थांबतो. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहतो.

तर आता बातमी. ताई, मी मेले. मालिकेत. इतकी वर्षं मी जी मावशी करते आहे (विग, जाड चष्मा, पुढे आलेले खोटे दात, आणि प्रत्येक भागात निदान एकदा जमिनीवर) ती गेली. झालं असं, की गुडघा धरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, काही महिने पडायचं नाही. मी म्हटलं, ते माझं काम आहे. ते म्हणाले, मग काम बदला. मी भीत भीत आमच्या दिग्दर्शकाला सांगितलं. त्याला आम्ही पुन्हाएकदा म्हणतो, कारण प्रत्येक शॉटनंतर तो तेवढंच म्हणतो. (त्याच्या लग्नात बायकोने होकार दिला तेव्हाही तो तेच म्हणाला, असं सांगतात.) त्याने खूप विचार केला आणि प्रेमाने म्हणाला, "मावशी, तुम्ही पडणार नसाल तर लोकांनी तुमच्याकडे बघायचं कशाला?" पुढच्याच आठवड्यात मी गेले. मी फोनवर गेले, हे मला जास्त लागलं. गावाला गेलेली मावशी, घरात फोन वाजतो, भाचेसून म्हणते "काय?", हातातली बशी खाली पडते, संपलं. जिने जन्मभर पडून दाखवलं तिला शेवटचं पडणंसुद्धा मिळालं नाही, ते बशीला मिळालं. मी तेव्हा घरी गुडघ्यावर बर्फ ठेवून बसले होते.

मालिकेत माणूस गेलं की त्याचा फोटो भिंतीवर लागतो. त्यासाठी सेट सजवणारी आमची खिळेबाई माझ्या घरी आली. (तिच्या तोंडात कायम खिळे असतात, म्हणून हे नाव. तुझ्या तोंडातल्या रिबिनीची मला तिच्यामुळे फार आठवण येते, पण तिचे उच्चार तुझ्याइतके स्वच्छ नाहीत.) मी आतल्या खोलीत व्यायामासाठी उताणी होते, पाय दोरीने खिडकीला टांगलेला. मी आतूनच ओरडून सांगितलं, की फोटोंचा डबा कपाटावर आहे, हवा तो ने. ती म्हणाली, जरा शांत, समजूतदार, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा चेहरा हवा. मी म्हटलं, शोध. आता तुला माझे फोटो माहीत आहेत. एकातही तोंड जागेवर नाही. कुणी कॅमेरा रोखला की माझ्या भुवया आपोआप चढतात, डोळे नाकाकडे येतात. ओळखपत्राच्या वेळी फोटोवाल्याने मला चार वेळा सांगितलं की बाई, तोंड सरळ करा, आणि मी चारही वेळा सांगितलं की हे सरळच आहे. खिळेबाई बराच वेळ डबा उपसत होती. मग दाराबाहेरूनच म्हणाली, "सापडला. किती छान आलाय. असं वाटतच नाही तुम्ही आहात." मी पाय टांगलेल्या अवस्थेत धन्यवाद म्हटलं.

मेलेल्या माणसाला सेटवर कुणी बोलवत नाही. त्यामुळे तो फोटो मी इतर जनतेबरोबरच, घरी, टीव्हीवर पाहिला. दिवाणखान्याची भिंत, सोनेरी चौकट, बाजूला ताज्या फुलांची फुलदाणी, आणि चौकटीत तू.

तुझ्या निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, ताई. तू शिकवायचीस त्या शाळेच्या पायऱ्यांवरचा. तू सरळ, शांत, थोडीशी थकलेली, 'आता जरा गप्प बसा' असं डोळ्यांनी म्हणणारी. मी तुझ्या मागे लपून तुझ्या डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरली होती, तो. खिळेबाईने शिंगं कापून टाकली, पण घाईत एका बोटाचं टोक राहिलं आहे. नीट पाहिलंस तर चौकटीच्या वरच्या कडेला दिसतं. म्हणजे स्वतःच्या मृत्यूनंतर माझ्या फोटोत मी तेवढी उरले आहे.

तिची चूक नाही. विग, चष्मा आणि दात काढल्यावर मावशी आतून कशी दिसते हे तिथे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. मी मेकअप करून सेटवर येते आणि करूनच जाते. नाक आपलं दोघींचं एकच. त्यांना वाटलं, एवढ्या गोंधळाच्या खाली बाई अशी शांत असणार. मला फोन यायला लागले. ज्यांच्याबरोबर मी इतकी वर्षं चहा प्यायले ते म्हणू लागले, तुमचा फोटो बघून डोळे भरून आले, तुम्ही आधी अशा का नाही दिसलात. प्रेक्षक तर लिहितात की त्या फोटोकडे पाहून धीर येतो. आता मालिकेत सुनेचं भांडण झालं की ती तुझ्यापुढे उभी राहते, भाच्याची नोकरी गेली की तो तुझ्यापुढे उभा राहतो, आणि एखादा भाग वेळेला कमी पडला की पुन्हाएकदा सरळ तुझा क्लोजअप टाकतो. मी आयुष्यभर जिन्यांवरून गडगडले आणि मला क्लोजअप मिळाले ते फक्त नाकाला चिमटा लागला तेव्हा. तू नुसती बघतेस आणि रोज मिळवतेस. एका वृत्तपत्राने लिहिलं, की मावशी गेल्यावर तिच्यातली अभिनेत्री खऱ्या अर्थाने उमगली. (कात्रण ठेवलं आहे. तुझं आहे ते, आल्यावर देईन.)

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका माणसाच्या. तो माणूस या क्षणी तुझ्यासमोर बसला आहे आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो आहे. भाओजींनी मला फोन केला. आवाज इतका हळू होता की मला वाटलं घरात चोर शिरलेत. म्हणाले, "ती वर आहे." मी म्हटलं, कोण वर आहे? "भिंतीवर. तुमच्या मालिकेत. तुझी ताई." मी विचारलं, भाओजी, तुम्ही मालिका बघता? पेपर उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मी पेपर वाचत असतो, ती समोर चालू असते." पहिल्या भागापासून चालू असते म्हणे. तू मधेच स्वयंपाकघरातून बाहेर आलीस की तुला मी पडताना दिसू नये म्हणून हा माणूस उठून टीव्हीपुढे उभा राहून व्यायाम करतो. तुला वाटतं पाठ आखडली आहे. पाठ ठणठणीत आहे, ताई, तू शेक देऊ नकोस. आणि मध्यंतरी आलेली ती फुलं. खालच्या मजल्यावरच्या बाई दारात आल्या, डोळे पुसत, फुलं घेऊन. त्यांनी तुला टीव्हीवर पाहिलं होतं आणि त्यांना आपलं वाटलं की घरात काही झालंय आणि आपल्याला कळवलं नाही. भाओजींनी फुलं घेतली, बाईंना जिन्यातच समजावलं, आणि तुला सांगितलं की लग्नाच्या वाढदिवसाची आणली आहेत. तुमचा वाढदिवस हिवाळ्यात असतो हे त्यांना फुलं तुझ्या हातात दिल्यावर आठवलं. तू फुलं पाण्यात ठेवलीस आणि दोन दिवस त्यांच्याकडे संशयाने बघत होतीस. औषधांच्या दुकानातला माणूस तुला पाहून गोळ्या मोजायचा विसरला असेल तर त्याचंही कारण हेच.

मी तशीच काठी घेऊन स्टुडिओत गेले. पुन्हाएकदाला म्हटलं, फोटो उतरव, ती माझी बहीण आहे. त्याने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं (विग नव्हता, दात माझेच होते, त्याने मला आधी ओळखलंच नाही), आणि विचारलं, "या बाई गेल्या का?" मी म्हटलं, नाही, खांदा दुखतोय तिचा. तो म्हणाला, फोटो उतरवता येणार नाही. आमच्या धंद्यात एक नियम आहे, ताई, आणि तो तुझ्या शू-सिस्टरांच्या नियमांहून कडक आहे: प्रेक्षकांनी एकदा जे पाहिलं ते तसंच राहिलं पाहिजे. कप उजवीकडे असेल तर उजवीकडेच, घड्याळ बंद असेल तर बंदच. भिंतीवर तू आहेस तर तूच मेलीस. मी खूप भांडले. भांडता भांडता पायरीचं सांगितलं, फणीचं सांगितलं, तू थिएटरात उभी राहिलीस ते सांगितलं. बोलायचं नव्हतं, पण बोलले. खिळेबाईने तोंडातले खिळे काढून हातात घेतले. आणि पुन्हाएकदा, मी त्याला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच, काही म्हणाला नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. त्यांनी गोष्ट जुळवली आहे. फोटोतली बाई, म्हणजे गेलेली मावशी, ही थोरली बहीण, आणि तिची धाकटी, तिच्याइतकीच वेंधळी, आता त्या घरात राहायला येते. धाकटी म्हणजे मी. (प्रेक्षकांना वेगळं वाटावं म्हणून विगचा रंग बदलणार आहेत. दात तेच.) मला परत काम मिळतंय, ताई. खरं सांगू का, हे महिने फार वाईट गेले. गुडघ्यामुळे नव्हे. मी घरात गादी टाकून पडायचा सराव करत होते, आणि पडून उठल्यावर खोलीत कुणी नसे. विनोदी नटीला रिकाम्या खोलीत पडणं म्हणजे नुसतं पडणंच असतं. आता फक्त एका बारीकशा अडचणीवर सगळं अडलं आहे, ती सुटेल. तुला काही करायचं नाही. फोटोवरून राग मानू नकोस, आणि रस्त्यात कुणी तुला पाहून दचकलं तर हसून पुढे जा. भाओजींना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. अडचण म्हणजे तू. धाकटी घरात येते तो पहिला प्रसंग असा आहे: तिला स्वप्न पडतं, थोरली भिंतीवरून उतरून येते आणि पायरीवर बसून तिची वेणी घालते. हा प्रसंग नसेल तर धाकटीला घरात यायला दारच नाही, आणि मग मी पुन्हा घरीच, गादीवर. एका नटीला तुझ्यासारखा मेकअप करून बसवून पाहिलं. तू शांत दिसतेस, ती झोपलेली दिसत होती. शिवाय वेणी इतकी हलक्या हाताने घातली की माझ्या भुवया जागच्या हलल्या नाहीत. ताई, येशील का? एक दिवस. तुला बोलायचं नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. वरच्या पायरीवर बसायचं आणि ओढायचं. गाडी दारात येईल, खुर्ची सुताराकडून तपासून घेतलेली असेल. मी त्या प्रसंगात पडत नाही. पुन्हाएकदाकडून तसं कबूल करून घेतलं आहे.

ता. क. २. पडते. आत्ताच त्याचा फोन आला. शेवटी मला जाग येते आणि मी पायरीवरून एकदाच, अगदी थोडी, खाली जाते. मी नाही म्हणणार होते, पण मग वाटलं की तेव्हा माझी वेणी तुझ्या हातात असेल. फार लांब जाणार नाही.

ता. क. ३. भाओजींनी आणखी एक सांगितलं, ते लिहू की नको असं करत इथपर्यंत आले. मालिका सुरू झाली की स्वयंपाकघरातला नळ बंद होतो, भांड्यांचा आवाज थांबतो, आणि मी पडल्याचा धप् असा आवाज आला की तू आतून विचारतेस, "उठली का?" ते म्हणतात, "उठली." मग नळ सुरू होतो. आणि मी फोनवर गेले त्या दिवशी धप् झालंच नाही, तरी तू विचारलंस, आणि भाओजी "उठली" म्हणाले, असं त्यांनी मला शपथेवर सांगितलं. त्यांना या एकाच खोटेपणाबद्दल माफ कर. बाकीच्यांबद्दल तुझं तू बघ.

ता. क. ४. सोबत पार्सल आहे. मावशी गेल्यावर तिच्या सगळ्या वस्तू खिळेबाईने मला परत दिल्या, आणि तिला मूलबाळ नसल्याने वाटणी मलाच करावी लागते आहे. जाड चष्मा भाओजींना दे; त्याला काचा नाहीत, त्यामुळे पेपर वाचत असल्याचं सोंग करताना पलीकडचं स्पष्ट दिसेल. मोत्यांची माळ नातीला, मोती खोटे आहेत पण आवाज खऱ्यासारखा येतो. छत्री खालच्या मजल्यावरच्या बाईंना, त्यांच्या फुलांबद्दल. ती आपोआप उघडते हे त्यांना आधी सांग, आणि सांगताना जरा लांब उभी राहा. गोळ्या मोजायला विसरलेल्या माणसाला तुझी सही करून एक फोटो. तळाशी, रुमालात गुंडाळलेली, एक दात तुटलेली लाकडी फणी आहे. ती तू लग्न होऊन गेलीस तेव्हा मागच्या पायरीवर राहिली होती आणि तेव्हापासून माझ्या मेकअपच्या पेटीत होती. ती कुणाला देऊ नकोस. पर्समध्ये घाल आणि येताना घेऊन ये.